अमेरिकेतील कॉलेजचे वर्ष नऊ महिन्यांचे असते : वार्षिक खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

वाचकाचे पत्र :

माझ्या मुलीला अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाच्या पत्रात वार्षिक खर्च ४९,२०० डॉलर लिहिला आहे. त्यात ट्यूशन फी व अनिवार्य शुल्क ३१,०००, राहणे व जेवण १३,०००, पुस्तके १,२००, प्रवास १,५०० आणि वैयक्तिक खर्च २,५०० अशी फोड आहे. दरवर्षी १०,००० डॉलरची शिष्यवृत्ती त्यांनी देऊ केली आहे. उरलेल्या ३९,२०० ला चारने गुणून आणि डॉलर ८५ रुपयांना धरून आम्ही एक कोटी तेहतीस लाखांचा आकडा काढला. माझे मेव्हणे म्हणतात की त्यांचा मुलगा तिथे एम.एस. करतो आणि त्याचे याच्या निम्म्यात भागते, तेव्हा विद्यापीठे आकडा फुगवूनच सांगतात. बँकेतील अधिकारी मात्र म्हणतात की पत्रावर आहे तोच आकडा धरून चाला. आम्ही दोघेही नोकरदार आहोत आणि माझ्या निवृत्तीला नऊ वर्षे उरली आहेत. कोणाचे खरे मानावे? विद्यापीठाचे शुल्कपत्रक सोबत जोडले आहे.

उत्तर :

तुमच्या मेव्हण्यांचा हिशेब चुकतो आहे आणि बँकेतील अधिकाऱ्यांचाही. फरक इतकाच की एकाची चूक तुम्हाला बेसावध करील आणि दुसऱ्याची चूक तुमचे कर्ज अपुरे पाडील. तुम्ही शुल्कपत्रक जोडण्याची तसदी घेतलीत हे फार बरे केले, कारण पत्रातील पाच ओळींपेक्षा त्या पत्रकाच्या तळटीपांत तुमच्या प्रश्नाचे उत्तर अधिक आहे.

आधी त्या ४९,२०० चे स्वरूप समजून घेऊ. अमेरिकेत या आकड्याला ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ म्हणतात आणि त्याची व्याख्या तिथल्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात दिलेली आहे. शुल्क, पुस्तके व साहित्य, राहणे-जेवण, प्रवास आणि किरकोळ वैयक्तिक खर्च यांची ती बेरीज असते, आणि तिचे मूळ काम एखाद्या विद्यार्थ्याला सरकारी व इतर आर्थिक मदत मिळून जास्तीत जास्त किती देता येईल याची कमाल मर्यादा ठरवणे हे आहे. पालकांना घरखर्चाचे अंदाजपत्रक मिळावे म्हणून ती जन्माला आलेली नाही. म्हणूनच तिच्यात एक ‘सरासरी विद्यार्थी’ गृहीत धरलेला असतो. तो बहुतेकदा अमेरिकन असतो, सुट्टीत मोटारीने घरी जातो, आई-वडिलांच्या आरोग्य विम्यात सामावलेला असतो आणि उन्हाळ्यात विद्यापीठाच्या हिशेबातून नाहीसा होतो. तुमची मुलगी यांपैकी काहीच करणार नाही.

विद्यापीठे आकडा फुगवतात का, या मेव्हण्यांच्या शंकेपुरते सांगायचे तर शुल्काच्या बाबतीत तसे करायला वावच नाही, कारण त्याचे दर ठरलेले असतात. राहणे, जेवण आणि वैयक्तिक खर्च यांचे अंदाज कसे बांधायचे हे मात्र बव्हंशी विद्यापीठावर सोपवलेले आहे, त्यामुळे एकाच गावातल्या दोन संस्थांचे अंदाज वेगळे निघू शकतात. २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार जेवणाचा अंदाज दिवसाला तीन जेवणांचा धरावा लागतो आणि खर्चाचे घटक संकेतस्थळावर उघडपणे मांडावे लागतात, त्यामुळे पूर्वीची संदिग्धता थोडी कमी झाली आहे. तुमच्या विद्यापीठाचा आकडा अवास्तव आहे असेही दिसत नाही. अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था दरवर्षी देशभरातील सरासरी प्रसिद्ध करते. तिच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार राज्य विद्यापीठांत परराज्यातील विद्यार्थ्यांचे सरासरी शुल्क ३०,७८० डॉलर आणि एकूण वार्षिक अंदाजपत्रक ४९,०८० डॉलर होते. त्याच राज्यातील रहिवाशांसाठी शुल्क ११,६१० होते, आणि खासगी, ना-नफा विद्यापीठांत ४३,३५०. परदेशी विद्यार्थ्याला राज्य विद्यापीठ सर्वसाधारणपणे परराज्याचाच दर लावते, तेव्हा तुमच्या हातातील पत्र अगदी सरासरीवर बसते.

मग मेव्हण्यांच्या मुलाचे निम्म्यात कसे भागते? तो खरे तेच सांगत असणार, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. एम.एस. करणारा विद्यार्थी साधारणपणे एका सेमिस्टरला नऊ क्रेडिट (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) घेतो, चौघा मित्रांत अपार्टमेंट वाटून घेतो, स्वतः स्वयंपाक करतो आणि नशीब बलवत्तर असेल तर त्याला असिस्टंटशिप, म्हणजे विभागात अध्यापन किंवा संशोधनाला मदत करण्याचे काम, मिळून शुल्काचा मोठा भाग माफ होतो. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला यांतले जवळजवळ काहीच उपलब्ध नसते. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये (विद्यापीठाच्या वसतिगृहात) राहणे आणि मील प्लॅन (जेवणाची ठोक योजना) घेणे सक्तीचे असते, आणि तुमच्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर तसे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे अमेरिकेतील शिक्षणाचा अनुभव म्हणजे एम.एस.चाच अनुभव, असे झाले आहे. त्यामुळे पदवीसाठी जाणाऱ्या मुलांच्या पालकांना नातेवाइकांकडून मिळणारे आकडे हमखास कमी असतात. पुढच्या वेळी विषय निघाला तर मेव्हण्यांना नम्रपणे एवढेच विचारावे की त्याच्या शुल्कातील किती रक्कम विभागाने भरली.

आता आपला हिशेब. एक कोरा कागद घेऊन मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे विद्यापीठ बिलात मागणार आहे ते लिहा आणि उजवीकडे जे बिलात कधीच येणार नाही, पण मुलीच्या खिशातून जाणार आहे ते. डावीकडचे आकडे अंदाजाचे नसतात, ते शोधून काढायचे असतात. उजवीकडचे मात्र खरोखरच अंदाजाचे असतात आणि तिथेच तुमच्या विवेकाला काम आहे. पत्रातील पाच ओळींनी या दोन्ही प्रकारांची सरमिसळ केली आहे.

डाव्या बाजूला ३१,००० ने सुरुवात करू. हा आकडा सर्व शाखांतील विद्यार्थ्यांची सरासरी आहे आणि तुमची मुलगी अभियांत्रिकीला जाणार आहे. पत्रकाच्या तळटीपेत अभियांत्रिकीच्या प्रत्येक क्रेडिटमागे ४० डॉलर जादा शुल्क लिहिले आहे. वर्षाला ३० क्रेडिट धरली तर ते १,२०० होते. त्याखालीच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी शुल्क आहे, प्रत्येक सेमिस्टरला १५०, म्हणजे ३००. आरोग्य विमा वेगळ्या तक्त्यात आहे, वर्षाला २,६०० डॉलर, आणि तो परदेशी विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. पत्रातील पाच ओळींत विम्याचे नावही नाही, आणि माझ्या मते ही या पत्रातील सर्वांत महागडी गैरहजेरी आहे. इथून घेतलेली विमा पॉलिसी दाखवून यातून सूट मिळते का, हे विचारायला हरकत नाही. पण विद्यापीठाच्या अटी कडक असतात, तेव्हा सूट लेखी मिळेपर्यंत पूर्ण रक्कम धरून चालावे. डॉर्ममधील दोघींच्या खोलीचे ७,६०० आणि पहिल्या वर्षाला लागू असलेल्या मील प्लॅनचे ५,६०० मिळून १३,२०० होतात. हा आकडा सरासरीच्या जवळच आहे, तरी सरासरीऐवजी प्रत्यक्ष दर लिहावा. या सगळ्याची बेरीज ४८,३०० येते. शिष्यवृत्तीचे १०,००० वजा केले की विद्यापीठाला प्रत्यक्ष भरायचे ३८,३०० उरतात.

तुम्ही संपूर्ण वर्षाचा खर्च ३९,२०० धरला होता. केवळ बिलानेच तुमचा बहुतेक पैसा संपवला, आणि अजून मुलगी विमानातही बसलेली नाही.

उजव्या बाजूला येण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यापीठाचे ‘वर्ष’ म्हणजे फॉल आणि स्प्रिंग ही दोन सेमिस्टर, सुमारे नऊ महिने. विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या आय-२० या कागदाच्या पहिल्या पानावर हे छापलेलेच असते. ‘फायनान्शियल्स’ या चौकटीत डाव्या रकान्याच्या माथ्यावर ‘अंदाजित सरासरी खर्च’ आणि पुढे महिन्यांचा आकडा असतो, तिथे बहुधा ९ लिहिलेले आढळते. उजव्या रकान्यात तितक्याच महिन्यांसाठी तुमचा स्वतःचा निधी, विद्यापीठाचा निधी आणि इतर स्रोत यांची नोंद असते. व्हिसाच्या वेळी याच चौकटीतील बेरजेइतका पैसा उपलब्ध असल्याचे दाखवावे लागते आणि बँकाही कर्जासाठी हाच कागद पाहतात. म्हणून तुमच्या बँकेतील अधिकाऱ्यांचा सल्ला कागदपत्रांपुरता बरोबर आहे. पण पोटाला नऊ महिन्यांचे कॅलेंडर लागू होत नाही. बँक पहिल्या वर्षाचे कर्ज या आकड्यावर बेतणार असेल, तर उरलेल्या तीन महिन्यांची तजवीज तुम्हाला वेगळी करावी लागेल.

उन्हाळ्याच्या साधारण तीन महिन्यांसाठी दोनच मार्ग आहेत. मुलगी घरी आली तर येण्या-जाण्याचे तिकीट, जे मी १,६०० डॉलर धरतो. ती तिथेच राहिली तर भाडे आणि जेवण मिळून महिन्याला १,१०० धरले तरी ३,३०० होतात, कारण उन्हाळ्यात डॉर्मचे वेगळे पैसे पडतात आणि मील प्लॅन संपलेला असतो. पहिल्या उन्हाळ्यात तिने घरी यावे असे मी सुचवीन. हिवाळ्याची सुट्टी याहून फसवी असते. ती तीन-चार आठवड्यांचीच असल्यामुळे कोणी हिशेबात धरत नाही. माझ्या भाचीला पहिल्या वर्षीच्या डिसेंबरात, परीक्षा संपायच्या आठवड्यात, वसतिगृहाच्या दारावर चिकटवलेल्या सूचनेवरून कळले की इमारत दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार आहे आणि सुट्टीत राहायचे असेल तर त्याची नोंदणी ऑक्टोबरातच करायला हवी होती. ती तीन आठवडे एका मैत्रिणीच्या घरी जाऊन राहिली. बसचे तिकीट, भेटवस्तू, बाहेरचे खाणे असे करत तिचे जवळपास पाचशे डॉलर गेले. तुमच्या मुलीच्या डॉर्मचा करार नीट वाचा. ‘ब्रेक हाउसिंग’ अंतर्भूत आहे की नाही हे तिथे लिहिलेले असते. नसेल तर ५०० धरा.

पुस्तकांच्या बाबतीत उलट आहे. १,२०० डॉलर मला जास्त वाटतात. २००८ मध्ये झालेल्या कायद्यामुळे, आणि २०१० च्या जुलैपासून, विद्यापीठांनी विषयांच्या वेळापत्रकासोबतच पाठ्यपुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आणि किंमत शक्य तिथवर जाहीर करावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे मुलीला सेमिस्टर सुरू होण्याआधीच जुने पुस्तक, भाड्याचे पुस्तक किंवा ग्रंथालयातील राखीव प्रत शोधता येते. जिथे गृहपाठ ऑनलाइन जमा करण्यासाठी ‘ॲक्सेस कोड’ विकत घ्यावा लागतो तिथे मात्र काटकसर चालत नाही, कारण तो कोड एकदा वापरला की संपतो. हे धरून वर्षाला ८०० पुरावेत.

वैयक्तिक खर्चासाठी महिन्याला ३०० प्रमाणे नऊ महिन्यांचे २,७०० धरतो. त्यात मोबाइल, कपडे धुण्याच्या यंत्राची नाणी, औषधे, केस कापणे, मैत्रिणींसोबत महिन्यातून दोनदा बाहेरचे जेवण आणि मील प्लॅनच्या आठवड्याच्या ‘स्वाइप’ (ठरवून दिलेली जेवणे) संपल्यावर लागणारे खाणे येते. पालक या ओळीत सर्वाधिक काटछाट करतात आणि नंतर याच ओळीसाठी मुलांना घरी फोन करण्याची लाज वाटते, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये असे माझे मत आहे. विमानतळ आणि गावातील प्रवासाचे ३०० धरले की उजव्या बाजूची बेरीज ५,९०० होते. दोन्ही बाजू मिळून ४४,२०० डॉलर. तुमच्या आकड्यापेक्षा वर्षाला बरोबर ५,००० जास्त.

पहिल्या वर्षी एकदाच येणारे खर्च यात धरलेले नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे सेव्हिस शुल्क ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर ठरलेले आहेत. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या ‘व्हिसा इंटिग्रिटी’ शुल्काची तरतूद आहे, तेव्हा व्हिसा मिळण्याच्या वेळी तेवढी तयारी असू द्यावी. अंथरूण-पांघरूण, थंडीचे कपडे, लॅपटॉप यांसाठी २,००० धरावेत. प्रवेश निश्चित करताना भरायची अनामत बहुधा पहिल्या बिलात वळती होते, म्हणून ती वेगळी मोजू नये. डॉर्मची अनामत वळती होते की परत मिळते, हे विद्यापीठानुसार बदलते.

यानंतर तुमची खरी चूक येते, आणि ती चारने गुणण्यात आहे. शुल्क दरवर्षी वाढते. वाढ ४ टक्के धरली तर पहिल्या वर्षाचे ३२,५०० डॉलर शुल्क (विमा व राहणे सोडून) चौथ्या वर्षी ३६,५५८ होते, म्हणजे साडेबारा टक्के जास्त. शिष्यवृत्ती मात्र ठरावीक रकमेची आहे, टक्केवारीची नाही. १०,००० चे १०,००० च राहतात आणि वाढीचा प्रत्येक डॉलर तुमच्या वाट्याला येतो. शिष्यवृत्ती वजा जाता तुम्ही पहिल्या वर्षी शुल्कापोटी २२,५०० भराल आणि चौथ्या वर्षी २६,५५८, म्हणजे अठरा टक्के जास्त. शुल्क साडेबारा टक्क्यांनी वाढले आणि तुमचा भार अठरा टक्क्यांनी, हे गणित शिष्यवृत्तीच्या अभिनंदनपत्रात कोणी लिहीत नाही. राहणे, विमा आणि वरखर्च ३ टक्क्यांनी वाढतात असे धरले तर चार वर्षांची बेरीज १,८८,७९५ डॉलर होते, आणि सुरुवातीचे २,५३५ मिळवले की १,९१,३३०. तुमचा आकडा १,५६,८०० होता.

रुपयांत हा फरक आणखी रुंदावतो. २०१४ च्या अखेरीस डॉलर सुमारे ६३ रुपयांना होता आणि २०२४ च्या अखेरीस तो ८५ च्या पुढे गेला होता, म्हणजे दहा वर्षांत सरासरीने वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास रुपयाची घसरण झाली. ती एका सरळ रेषेत होत नाही, पण चार वर्षे एकच दर राहील असे गृहीत धरणे त्याहून चुकीचे आहे. तुमच्याच ८५ पासून सुरुवात करून दरवर्षी तीन टक्के धरले तर चार वर्षांचा खर्च एक कोटी सत्तर लाखांवर जातो. एक कोटी तेहतीस लाखांशी तुलना करता ही तफावत सदतीस लाखांची आहे. शिवाय ८५ हा दर कुठून घेतलात तेही पाहा; वर्तमानपत्रातील दर आणि बँक परदेशी पैसे पाठवताना लावते तो विक्रीदर वेगळे असतात, आणि हिशेबात दुसरा धरायचा असतो. कार्डाने शुल्क भरल्यास अनेक विद्यापीठे वेगळा अधिभार लावतात, म्हणून तो मार्ग टाळावा.

चार वर्षांचीच गोष्ट चालली आहे तर आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधतो. व्हिसाच्या नियमानुसार पदवीच्या विद्यार्थ्याने सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घेणे पुरेसे असते, पण पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. आठ सेमिस्टर बाराप्रमाणे घेतली तर ९६ च होतात आणि उरलेल्या २४ साठी पाचवे वर्ष लागते. अनेक विद्यापीठे १२ ते १८ क्रेडिटपर्यंत एकच ठोक शुल्क घेतात. तसे असेल तर १५ घेण्यात पैशाने काहीच तोटा नाही. काही ठिकाणी मात्र शुल्क क्रेडिटनुसार असते. पत्रकात यापैकी कोणती पद्धत आहे ते मला स्पष्ट दिसले नाही, म्हणून विचारून घ्या. आणि ‘पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण’ म्हणून जो आकडा ठळकपणे मिरवला जातो तो बहुधा सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचा असतो. तुम्हाला हवा आहे तो चार वर्षांचा. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज नेव्हिगेटर’ या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव टाकले की तो मिळतो, आणि तिथेच मागच्या काही वर्षांचे शुल्कही शेजारी-शेजारी दिसते. मी धरलेले ४ टक्के तुमच्या विद्यापीठाला लागू पडतात का, हे त्या तक्त्यावरून पाच मिनिटांत कळेल. वेगळे निघाले तर माझा आकडा खोडून तो वापरा.

मदत वजा जाता खर्च किती पडेल हे सांगणारी ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ नावाची सोय तुम्हाला विद्यापीठाच्या पानावर दिसली असेल. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना ती २०११ च्या ऑक्टोबरपासून सक्तीची आहे. तुम्ही तीत उत्पन्न टाकून आकडा काढला असेल तर तो विसरून जावा. ती अमेरिकन कुटुंबांसाठी बेतलेली असते आणि तीत गृहीत धरलेली सरकारी अनुदाने व कर्जे परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाहीत. त्यापेक्षा विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’ (ठरावीक नमुन्यात जाहीर केलेली माहिती) शोधा. त्यातील ‘एच’ विभागात परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना संस्थेकडून मदत मिळाली आणि ती सरासरी किती होती, हे असते. तुमच्या मुलीला मिळालेले १०,००० त्या सरासरीपेक्षा बरेच कमी असतील, तर पुनर्विचाराची विनंती करणारे एक पत्र पाठवण्यात संकोच नसावा.

मुलगी तिथे काम करून काही भार उचलेल, असे पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण मनात असणार. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, आणि पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. आठवड्याला १० तास, वर्षाला ३० आठवडे आणि संघराज्याचे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर (२००९ पासून ते तेवढेच आहे, पुष्कळ राज्यांचे याहून जास्त आहे) एवढे धरले तर २,१७५ डॉलर होतात. ही रक्कम आपल्या कागदाच्या उजव्या बाजूवरील वैयक्तिक खर्चाला उपयोगी पडेल. डाव्या बाजूला ती कधीही लिहू नये, कारण बिल ऑगस्टमध्ये येते आणि पगार त्यानंतर सुरू होतो.

दुसऱ्या वर्षापासून अपार्टमेंटमध्ये राहून पैसे वाचतील का? वाचू शकतात, विशेषतः स्वयंपाक येत असेल तर. पण भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात घरी आली तरी भाडे चालू राहते. त्यावर वीज, इंटरनेट, अनामत आणि फर्निचर असते. डॉर्मचे ७,६०० नऊ महिन्यांचे आहेत, तेव्हा तुलना करताना अपार्टमेंटचे भाडे बाराने गुणूनच समोर ठेवावे.

इकडच्या बाजूने दोनच गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) एका व्यक्तीला परदेशी आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. मात्र शिक्षणासाठी स्वतःच्या पैशांतून वर्षाला १० लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवले की वरच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा आयकर) कापते. विहित वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि नेमका बिल भरण्याच्या आठवड्यात.

कर्जाची रक्कम ठरवताना पहिल्या वर्षासाठी ४६,७३५ डॉलर धरा आणि मंजुरी चारही वर्षांची, वाढीव आकड्यावर मागा. वापर दरवर्षी लागेल तेवढाच करता येतो. निवृत्तीला नऊ वर्षे उरली आहेत, त्यांतली चार शिक्षणात जातील, म्हणून परतफेडीचा हप्ता तुमच्या पगारातून पाच वर्षांत पेलेल इतकेच कर्ज घ्यावे. उरलेली रक्कम बचतीतून येत नसेल तर हे विद्यापीठ तुमच्या आवाक्यात नाही, आणि ते आत्ता कळणे तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

प्रवेश निश्चित करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. तोवर मुलीने स्वतःच्या ईमेलवरून विद्यापीठाला चार प्रश्न पाठवावेत. शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी जीपीए (गुणांची सरासरी) किती लागतो आणि एकदा घसरला तर ती पुन्हा मिळते का? १२ च्या पुढील क्रेडिटना वेगळे शुल्क आहे का? तिसऱ्या वर्षापासून अभियांत्रिकीचे जादा शुल्क वाढते का? आणि हिवाळ्याच्या सुट्टीत तिला मिळणारी इमारत उघडी असते का? उत्तरे लेखी आली की ती कागदाच्या डाव्या बाजूला उतरवून बेरीज पुन्हा करा.